औरंगाबादचा पगार, साठ लाखांचं कर्ज

फौजेचा पगार थकला की काय होतं, हे दख्खनच्या कुठल्याही दिवाणाला सांगावं लागत नसे. शिलेदार धरणं धरून बसत, अरब आणि रोहिले दिवाणाच्या ड्योढीला वेढा घालत, आणि मग कुठल्या तरी सावकाराच्या कोठीतून रक्कम उचलून वेळ मारून नेली जाई. सावकार जबर व्याज लावी, कारण दरबार कधी हात वर करील याचा नेम नसे. या व्यवहारात कुणी कुणाला फारसं फसवत नव्हतं. दोघंही एकमेकांना पुरते ओळखून होते. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मात्र निजामाच्या मुलखात एक असा सावकार उभा राहिला, ज्याच्या पाठीशी नेमकं कोण आहे आणि किती आहे, हे कर्ज मंजूर करणाऱ्यांनाही पुरतं सांगितलं गेलं नाही. त्याच्या व्यवहाराचं एक टोक हैदराबादच्या रेसिडेन्सीत होतं, दुसरं औरंगाबादच्या छावणीत, आणि भार होता मराठवाडा-वऱ्हाडातल्या कुणब्यावर.

औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, तोवर राजधानी राहिलेलं नव्हतं. मलिक अंबरने वसवलेली खडकी, पुढे औरंगजेबाचं दख्खनमधलं ठाणं, मग पहिल्या निजामाची गादी, अशी चढती कमान पाहिल्यावर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात दरबार हैदराबादला गेला. शहराकडे उरली ती सरहद्दीवरची चौकीदारी. पश्चिमेला पेशव्यांचा मुलूख, उत्तरेला शिंदे-होळकर, आणि सातपुड्यापलीकडून केव्हाही उतरणारे पेंढारी. १८०० च्या तहाने निजाम ईस्ट इंडिया कंपनीच्या तैनाती फौजेच्या छत्राखाली गेला होताच आणि तिच्या खर्चापोटी त्याने मुलूखही तोडून दिला होता. पण त्याच तहात आणखी एक कलम होतं. युद्ध झालं तर निजामाने आपलं स्वतःचं पायदळ आणि घोडदळ कंपनीच्या मदतीला द्यायचं. युद्धापुरत्या या मदतीचं हैदराबादचे रेसिडेंट हेन्री रसेल यांनी शांततेतही कायम राहणाऱ्या फौजेत रूपांतर केलं. हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा, पगार निजामाचा. याच फौजेला पुढे हैदराबाद कंटिंजंट म्हणू लागले. वर्षाचा खर्च सुमारे ४० लाखांवर गेला. अधिकाऱ्यांचे पगार इतके भरघोस होते की बिचारा निझी सगळं भरतो, अशी थट्टा गोऱ्यांच्या मेजवान्यांत चालत असे.

वऱ्हाड आणि औरंगाबादकडच्या स्वारांचीही याच धर्तीवर फेररचना झाली. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या फौजेला थकबाकी चालत नाही. पगार महिन्याच्या महिन्याला, रोख, औरंगाबादेत पोचायला हवा. निजामाचा वसूल मात्र पिकांच्या हंगामाप्रमाणे, तालुकदारांच्या हातून झिरपत येणारा. या दोन वेळापत्रकांमधली खिंड बुजवायला सावकार लागणारच होता.

तो सावकार म्हणजे विल्यम पामर. पामर हा या गोष्टीतला सरळसोट खलनायक असता तर लिहिणाऱ्याचं काम सोपं झालं असतं. त्याचे वडील जनरल पामर हे पुण्यात पेशव्यांच्या दरबारी कंपनीचे रेसिडेंट होते, आई फैज बख्श ही मुसलमान बेगम. मुलगा निजामाच्या फौजेत अधिकारी म्हणून वाढला, दरबारी रीतीभाती त्याच्या अंगवळणी पडल्या होत्या आणि हैदराबाद हेच त्याचं घर होतं. नोकरी सोडून त्याने पेढी काढली. बंकटी दास या गुजराती सावकाराला भागीदार घेतलं. सुरुवातीला गोदावरीकाठच्या जंगलांतलं जहाजाचं लाकूड आणि जोडीला पेढीचा धंदा, असा साधा बेत होता. मग भागीदारांत एक नवं नाव आलं, सर विल्यम रंबोल्ड. या रंबोल्डची बायको गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज यांच्या घरात मुलीसारखी वाढलेली. खुद्द हेस्टिंग्जने रंबोल्डला पत्र लिहून कळवलं की, तुम्ही पेढीत आहात म्हणून मला पेढीबद्दल आस्था वाटेल असा भागीदारांचा हिशेब आहे आणि त्यात वावगं काही नाही. पुढे हे पत्र सगळ्या प्रकरणाच्या गळ्यातली धोंड ठरलं.

इंग्रज प्रजाजनाने हिंदी संस्थानिकाला कर्ज देऊ नये, असा ब्रिटिश पार्लमेंटचा १७९७ चा कायदा होता. त्यामागे कर्नाटकच्या नवाबाचा ताजा अनुभव होता. मद्रासच्या गोऱ्या सावकारांनी त्याला इतकं बुडवलं होतं की त्या कर्जांची लफडी लंडनपर्यंत पोचली होती. गव्हर्नर जनरल आणि त्यांच्या कौन्सिलने परवानगी दिली तरच कर्जाला वाट मोकळी. पामर कंपनीला ती परवानगी जुलै १८१६ मध्ये मिळाली. तिच्यात एक अट होती. रेसिडेंट केव्हाही विचारील तेव्हा पेढीने आपल्या व्यवहाराचं स्वरूप आणि हेतू त्याच्यापुढे उघड करायचा. सगळी मेख या एका वाक्यात होती. सांगण्याचं बंधन आहे, पण विचारलं तर. आणि विचारणारा रेसिडेंट स्वतःच पेढीचा हितचिंतक असेल तर?

इंग्रजी कायद्याला हा प्रश्न नवा नव्हता. पन्नास वर्षांपूर्वी, १७६६ मध्ये, लंडनच्या किंग्ज बेंच न्यायालयात कार्टर विरुद्ध बोम हा खटला चालला होता. सुमात्रा बेटावरच्या कंपनीच्या फोर्ट मार्लबरो या ठाण्याचा गव्हर्नर जॉर्ज कार्टर. परकी शत्रूने ठाणं घेतलं तर भरपाई मिळावी म्हणून त्याच्या वतीने लंडनमध्ये विमा उतरवला गेला. १७६० मध्ये फ्रेंचांनी ठाणं घेतलं. ठाणं किती कमकुवत आहे हे आम्हाला सांगितलंच नव्हतं, असं म्हणून विमा देणाऱ्या बोमने पैसे नाकारले. न्यायमूर्ती लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी निकाल कार्टरच्या बाजूने दिला, कारण ठाण्याची अवस्था विमेवाल्यालाही कळण्याजोगी होती. पण निकाल देताना त्यांनी जे तत्त्व मांडलं ते टिकून राहिलं. जोखमीची खरी माहिती बहुधा एकाच पक्षाकडे असते. दुसरा त्याच्या शब्दावर विसंबून किंमत ठरवतो. म्हणून ज्याला ठाऊक आहे त्याने गप्प राहून फायदा उपटू नये, आणि हे बंधन दोन्ही पक्षांवर सारखंच आहे. विम्याचा कायदा जगभर याच पायावर उभा राहिला. औरंगाबादेतल्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे धाराशिवच्या शेतकऱ्यांचा खरीप २०२० च्या पीकविम्याचा तंटा आला, तेव्हा नुकसान ७२ तासांत कळवलं की नाही हाच कंपनीचा आक्षेप होता, आणि मे २०२२ मध्ये खंडपीठाने शेतकऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. कुणी, कुणाला, काय आणि केव्हा सांगायला हवं होतं, हा वाद अजून जुना झालेला नाही.

परवाना मिळाल्यावर पेढीने औरंगाबादच्या पगाराचं काम अंगावर घेतलं. सरकारी कागदांत याला औरंगाबाद व्यवस्था असंच नाव पडलं. पेढीने स्वारांच्या पगारासाठी दरमहा लाखांच्या रकमा औरंगाबादेत हजर करायच्या, आणि त्या बदल्यात निजामाच्या दिवाणखान्याने परगण्यांचा वसूल तनखा म्हणून पेढीला लावून द्यायचा. रेसिडेंट रसेलने शिफारस केली, कलकत्त्याने मान डोलावली. फौजेच्या बाजूने पाहिलं तर व्यवस्था उत्तम चालली. पगार वेळेवर मिळू लागला, स्वार खूश, अधिकारी खूश.

बाहेरून न दिसणारा भाग व्याजाचा होता. हैदराबादेतल्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या ठेवी पेढी १२ टक्क्यांनी घेई आणि तोच पैसा निजामाला २५ टक्क्यांच्या घरात देई. ठेवीदारांत रेसिडेन्सीशी संबंधित माणसं होती; रेसिडेन्सीचा डॉक्टर तर भागीदारच होता. म्हणजे पेढीवर नजर ठेवायची ज्यांनी, त्यांच्याच शेजाऱ्यांचं, स्नेह्यांचं पोट पेढीवर. निजाम सिकंदर जाह राज्यकारभारातून अंग काढून बसलेला. नावाचा दिवाण मुनीर-उल-मुल्क, खरा कारभारी पेशकार चंदुलाल. चंदुलालला आपली जागा कंपनीच्या मर्जीवर टिकवायची होती, आणि पामरला नाखूश करणं म्हणजे गव्हर्नर जनरलला नाखूश करणं, असा त्याचा पक्का समज होता. तो समज खरा की खोटा, हे त्याला तपासून पाहण्याची सोय नव्हती आणि पेढीने तो दूर करण्याची तसदी घेतली नाही.

१८२० मध्ये पेढीने मोठा डाव टाकला. निजाम सरकारला ६० लाखांचं नवं कर्ज द्यायचं. कारणं ऐकायला देखणी होती: देशी सावकारांची महागडी देणी फेडायची, थकलेले पगार चुकवायचे, रयतेला तगाई द्यायची. कलकत्त्याच्या कौन्सिलमध्ये मतभेद झाले. जॉन अ‍ॅडमसारख्या सदस्यांनी तपशील मागितला, विरोध नोंदवला. मतं समसमान पडली आणि हेस्टिंग्जने आपलं निर्णायक मत पेढीच्या पारड्यात टाकलं.

त्याच वर्षअखेरीस रसेल गेला आणि चार्ल्स मेटकाफ रेसिडेंट म्हणून हैदराबादला आला. मेटकाफ हेस्टिंग्जच्या मर्जीतला, रंबोल्ड कुटुंबाशी त्याचा स्नेह. पेढीला धोका वाटावा असं त्याच्यात काही नव्हतं. पण या माणसाला हिशेब वाचायची खोड होती. हळूहळू त्याच्या ध्यानात आलं की साठ लाख कुठे आलेलेच नाहीत. सावकारांची देणी फेडली गेली नव्हती, रयतेला तगाई मिळाली नव्हती. पेढीच्या वहीत निजामाच्या नावे आधीचं जे येणं होतं, तेच नव्या खात्यावर चढवलं होतं. आणि त्यातही ८ लाख हे भागीदारांनी कमी व्याजदर मान्य केल्याबद्दल स्वतःला लावून घेतलेलं बक्षीस होतं. ज्या कर्जासाठी गव्हर्नर जनरलने आपलं मत खर्ची घातलं, ते कर्ज म्हणजे जुन्या खात्याला दिलेलं नवं नाव होतं. परवान्यातलं ते वाक्य इथे उघडं पडतं. पेढी खोटं बोलली का? वकिलांनी यावर पुढे बरीच वर्षं शब्द घासले. विचारणाऱ्याने नेमकं विचारलं नाही आणि सांगणाऱ्याने आपणहून सांगितलं नाही, एवढं तरी निर्विवाद आहे. माझ्या मते त्याहून जास्त सिद्ध करायची गरजही नाही.

मेटकाफने तोडगा सुचवला: कंपनीने आपल्या जामिनावर निजामाला ६ टक्क्यांनी कर्ज मिळवून द्यावं आणि पामरचं खातं एकदाचं बंद करावं. हेस्टिंग्ज संतापला. त्याला हा आपल्या इभ्रतीवर घाला वाटला. पण एव्हाना लंडनहून संचालकांचेही पेढीविरुद्ध हुकूम आले होते, आणि जानेवारी १८२३ मध्ये हेस्टिंग्जने हिंदुस्थान सोडला. हंगामी गव्हर्नर जनरल झाला तो जॉन अ‍ॅडम. त्याने पेढीचं देणं फेडायचं ठरवलं. पैसा कुठून आणायचा, याचं उत्तर मोठं चमत्कारिक आहे. आंध्र किनाऱ्यावरच्या उत्तर सरकार प्रांताबद्दल कंपनी निजामाला दरवर्षी ७ लाख पेशकश देत असे. तो हक्क एकरकमी सुमारे १ कोटी १६ लाखांना विकत घेतला गेला आणि त्या रकमेतून पामर कंपनीचं कर्ज वारलं. निजामाचं कायमचं उत्पन्न गेलं, कंपनीची कायमची देणेदारी सुटली. एका इंग्रजाचं देणं फेडताना दुसऱ्या इंग्रजांचाच फायदा झाला.

पुढच्याच वर्षी पामरची पेढी बसली. १८२५ मध्ये लंडनला कंपनीच्या भागधारकांच्या सभेत या प्रकरणावर कित्येक दिवस वादविवाद झाला. हेस्टिंग्जने स्वतः पैसा खाल्ला नाही, हे सभेने मान्य केलं आणि ते खरंही दिसतं. पण संचालकांनी पेढीविरुद्ध पाठवलेले खलितेही तिने उचलून धरले. विल्यम पामर हैदराबादेतच राहिला आणि १८६७ मध्ये, बऱ्याच उतारवयात, तिथेच वारला.

इतिहासाची पुस्तकं इथे थांबतात, कारण त्यांना हेस्टिंग्जच्या अब्रूत रस असतो. मराठवाड्यात काय झालं ते पाहायला मात्र आणखी थोडं पुढे जावं लागतं.

तनखा म्हणजे वसुलाची आगाऊ विक्री. वसूल सावकाराला लावून दिला की तालुकदारावर रक्कम भरण्याचा दट्ट्या येई. तो ती देशमुख-पाटलांकडून काढी. पाटील ती कुणब्याकडून. पीक आलं नाही तरी तनख्याला सवड नसे. गावं ओस पडू लागली, लोक सरहद्द ओलांडून शेजारच्या इंग्रजी मुलखात जाऊ लागले. मेटकाफने हे पाहून निजामाच्या मुलखात गोरे अधिकारी नेमले आणि गावागावाला कौल द्यायला सुरुवात केली: इतक्या वर्षांसाठी इतका सारा, यापेक्षा पैसाही जास्त नाही, आणि या शब्दाला कंपनीची हमी. कौल हा या मुलखातला जुना, सर्वांना कळणारा करार. काही भागांत गावं पुन्हा वसू लागली. पण १८२९ मध्ये सिकंदर जाह वारला, नवा निजाम नासिरुद्दौला याने परक्या अधिकाऱ्यांची ढवळाढवळ नको म्हटलं, आणि कलकत्त्याने ते मान्य करून आपली माणसं काढून घेतली. राजाच्या दृष्टीने ती मागणी रास्त होती. कुणब्याला मात्र कुणी विचारलं नाही की, तुला दिलेल्या शब्दाचं काय करायचं.

फौज तीच, खर्च तोच, चंदुलालही तोच. नवा सावकार मिळाला तो तारापूरचा. विकाजी आणि पेस्तनजी मेहेरजी हे पारशी बंधू कोकणकिनाऱ्यावरून वर चढले, वऱ्हाडचा कापूस मुंबईला नेण्याच्या धंद्यात उतरले आणि चंदुलालच्या दरबाराला लाखो रुपये पुरवू लागले. कंटिंजंटच्या पगाराचा पैसाही आता त्यांच्या हातून जाई आणि तारण म्हणून वऱ्हाडातल्या परगण्यांचा वसूल त्यांना लागला. औरंगाबादच्या टांकसाळीत त्यांच्या देखरेखीखाली पडलेला रुपया लोकांत पेस्तनशाही म्हणून ओळखला गेला. नाण्यांच्या संग्राहकांकडे तो आजही सापडतो. ज्या शहरात औरंगजेबाच्या नावाचे रुपये पडले, तिथे तारापूरच्या एका व्यापाऱ्याच्या नावाने रुपया ओळखला जावा, यावरून सत्ता कुणाच्या वहीत गेली होती ते कळतं.

१८४३ मध्ये चंदुलाल पायउतार झाला. दोन वर्षांत नव्या कारभाऱ्यांनी पेस्तनजींकडे गहाण असलेला मुलूख बळाने काढून घेतला. भावांनी कंपनी सरकारकडे दाद मागितली. आमचा पैसा तुमच्याच अधिकाऱ्यांच्या फौजेला गेला, असं त्यांचं म्हणणं होतं. कलकत्त्याने हात झटकले: हा तुमचा आणि निजामाचा खासगी व्यवहार. पामरच्या वेळी याच कंपनीने निजामाची पेशकश विकायला लावून सावकाराचं देणं भागवलं होतं. पेस्तनजींची पेढी मात्र बुडाली. फरक कागदांत शोधून सापडत नाही. तो रंबोल्डच्या लग्नात आहे.

सावकार संपल्यावर कंटिंजंटचा पगार कंपनी स्वतःच्या तिजोरीतून देऊ लागली आणि निजामाच्या नावे मांडू लागली. आता सावकार, फौजेचा मालक आणि हिशेबनीस एकच झाला. व्याजासह आकडा फुगत गेला. १८५३ मध्ये, देणं सुमारे ४३ लाखांवर असताना, लॉर्ड डलहौसीने मुलूख मागितला. रेसिडेंट कर्नल लो यांनी नासिरुद्दौलाच्या भेटीमागून भेटी घेतल्या. निजामाने शक्य तितकं टाळलं. अखेर २१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड, धाराशिव-नळदुर्गचा भाग आणि रायचूर दोआब कंपनीच्या ताब्यात गेले. औरंगाबाद, जालना निजामाकडे. अजिंठ्याच्या डोंगरापलीकडचं बुलढाणा, अकोला, अमरावती इंग्रजांकडे. देशमुखांच्या सोयरिकी आणि व्यापाऱ्यांच्या पेठा एकाच मुलखातल्या. आता मध्ये राज्याची हद्द आली.

आणि मग, सात वर्षांनी, त्याच रेसिडेन्सीतून एक कबुली आली. रेसिडेंट कर्नल डेव्हिडसन यांनी १८६० मध्ये सरकारला कळवलं की, दोन्ही सरकारांची येणी-देणी निःपक्षपातीपणे मांडली असती, तर १८५३ मध्ये निजामाकडे आपलं न्याय्य असं काही येणंच निघालं नसतं. कारण सिकंदराबाद आणि जालना या छावण्यांमधला दारूवरचा अबकारी महसूल. छावण्या निजामाच्या जमिनीवर, पण जवळजवळ चाळीस वर्षं हा महसूल कंपनी घेत राहिली आणि निजामाच्या खात्यावर तो जमा झालाच नाही. औरंगाबादशेजारच्या जालन्याच्या छावणीत रोज गोळा होणारा तो पैसा वऱ्हाडच्या किमतीत धरला गेला असता, तर तहाची गरजच पडली नसती. पामरने ८ लाख लपवले म्हणून त्याचं प्रकरण लंडनपर्यंत खेचलं गेलं. अबकारीच्या खात्याबद्दल कुणावर खटला झाला नाही.

१८७२ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानात करार कायदा आला. नुसतं गप्प बसणं म्हणजे कपट नव्हे, पण जिथे बोलणं हे कर्तव्य आहे तिथे गप्प बसणं कपट ठरतं, असं त्याचं सतरावं कलम सांगतं. त्याआधीचं कलम, एक पक्ष दुसऱ्याच्या इच्छेवर हुकमत गाजवू शकतो अशा नात्यातल्या करारांबद्दल आहे. दोन्ही कलमं पामर, चंदुलाल आणि हेस्टिंग्ज यांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिल्यासारखी वाटतात. पण हा ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा. संस्थान म्हणून हैदराबाद त्याच्या कक्षेबाहेर होतं, आणि दोन सरकारांमधल्या तहांना तर तो कुठेच लागू नव्हता.

१८६० च्या नव्या तहाने ५० लाखांचं कर्ज माफ झालं आणि धाराशिव व रायचूर परत मिळाले. १८५७ मध्ये हैदराबाद इंग्रजांच्या बाजूने राहिलं त्याची ती बक्षिशी होती. चुकीच्या हिशेबाची भरपाई असं तिला कुणी म्हटलं नाही. कापसाचं वऱ्हाड मात्र इंग्रजांनी ठेवून घेतलं. पहिले सालारजंग वऱ्हाड परत मिळवण्यासाठी कलकत्त्यापासून लंडनपर्यंत झगडले आणि त्या अपयशातच १८८३ मध्ये वारले. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने महबूब अली खान यांच्याकडून वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्याने लिहून घेतलं. भाडं ठरलं वर्षाला २५ लाख. नुकताच मोठा दुष्काळ पडून गेला होता आणि त्यासाठी निजाम सरकारने इंग्रज सरकारकडून कर्ज काढलेलं होतं. सुरुवातीच्या वर्षांत त्या कर्जाचे हप्ते भाड्यातूनच कापून घेतले गेले.